नेस्मिथ सरांचा न खेळलेला विद्यार्थी

बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांना या खेळाचं प्रशिक्षण द्यावं लागतं, हेच फारसं पटलेलं नव्हतं. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए (तरुणांसाठी काम करणारी ख्रिस्ती संस्था) प्रशिक्षण विद्यालयात थंडीने आत कोंडलेला, कवायतीला विटलेला १८ जणांचा वर्ग त्यांच्याकडे आला. काही तरी शोधून काढायला दोन आठवड्यांची मुदत होती. पीचच्या दोन टोपल्या १० फुटांवर ठोकल्या, १३ नियम लिहिले आणि पोरं खेळायला लागली. जिंकणं हा त्यामागचा हेतूच नव्हता. शरीर, बुद्धी आणि मन एकत्र घडावं, ही वायएमसीएची धारणा होती.

१८९८ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात गेले. तिथे त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले, ६० गमावले. पुढे फॉग ॲलन या त्यांच्या शिष्याने प्रशिक्षकाचं काम नावारूपाला आणलं आणि ॲलन यांच्या संघातून डीन स्मिथ हे आणखी एक नामवंत प्रशिक्षक तयार झाले. विजयांच्या हिशेबात याच साखळीचं नाव घेतलं जातं. मला मात्र दुसरी साखळी जास्त मोलाची वाटते.

१९३३ मध्ये जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय मुलगा कॅन्ससमध्ये शारीरिक शिक्षण शिकायला आला. तिथे जाऊन नेस्मिथ यांनाच मार्गदर्शक कर, असं वडिलांनी बजावलं होतं. मुलाने तसं सांगितलं आणि नेस्मिथ यांनी त्याला पंखाखाली घेतलं. विद्यापीठाच्या संघाचं दार त्याला वर्णामुळे बंद होतं. म्हणजे ज्यांनी खेळ निर्माण केला, त्यांच्याच हाताखाली शिकूनही तो त्यांच्या विद्यापीठासाठी एक सामना खेळू शकला नाही. त्याला जे मिळालं ते सगळं कोर्टाबाहेर: वर्गात, गप्पांत, अडचणीच्या वेळी पाठीशी उभ्या राहिलेल्या शिक्षकाकडून.

नेस्मिथ १९३९ मध्ये गेले. मॅक्लेंडन तोवर नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात होते. त्यांनी पोरांना अख्खं कोर्ट व्यापून, न थांबता धावत खेळायला शिकवलं. मार्च १९४४ मधल्या एका रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा श्वेतवर्णीय संघ गुपचूप त्यांच्या व्यायामशाळेत आला. एकत्र खेळणं तेव्हा तिथे निषिद्ध होतं. दारं बंद झाली. मॅक्लेंडन यांचा संघ ८८-४४ ने जिंकला. त्यानंतर दोन्हीकडची पोरं मिसळली आणि मिश्र संघ करून पुन्हा खेळली. आपल्या विद्यार्थ्यांना एवढी मोठी जोखीम पत्करायला सांगणारा प्रशिक्षक त्यांच्या किती विश्वासाचा असेल!

१९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षं मॅक्लेंडन यांच्या टेनेसीतल्या महाविद्यालयीन संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. नेस्मिथ यांच्या नावाच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, १९७९ साली त्यांना घेतलं गेलं, तेही ‘योगदानकर्ता’ म्हणून. ‘प्रशिक्षक’ म्हणून मान मिळायला २०१६ उजाडलं. तेव्हा त्यांना जाऊन १७ वर्षं झाली होती.