पेजिंग व कर्नलमधील समवर्तिता

संगणकाच्या मुख्य स्मृतीच्या सारख्या आकाराच्या चौकटी पाडायच्या, प्रोग्रामच्या पत्त्यांची तेवढीच पृष्ठे करायची आणि कोणते पृष्ठ कोणत्या चौकटीत आहे याचा तक्ता ठेवायचा, ही पद्धत म्हणजे पेजिंग. तक्ता कार्यप्रणालीचा कर्नल, म्हणजे तिचा मध्यवर्ती भाग, सांभाळतो. पृष्ठ बहुधा ४ किलोबाइटचे असते.

पद्धतीच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. सर्वसाधारणपणे मान मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस संगणकाला (१९६२) दिला जातो. त्याची गाभा-स्मृती (चुंबकीय कड्यांची मुख्य स्मृती) १६ हजार शब्दांची, चुंबकीय ड्रम (मोठी पण मंद साठवण) ९६ हजारांचा व पृष्ठ ५१२ शब्दांचे होते; शब्द म्हणजे यंत्र एका वेळी हाताळते तेवढा माहितीचा तुकडा. प्रोग्रामरला मात्र दोन्ही मिळून एकच सलग स्मृती दिसे. तथापि बर्लिनमध्ये फ्रिट्झ-रुडोल्फ ग्युंच यांनी १९५६-५७ च्या सुमारास आपल्या प्रबंधात १०० शब्दांचे गट ड्रमवरून आपोआप आणणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली होती. बरोज बी ५००० चे नावही घेतले जाते, पण त्यातील खंड कमीजास्त लांबीचे असल्याने त्याला पेजिंग म्हणणे कठीण. कल्पना ग्युंच यांची व चालते यंत्र मँचेस्टरचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेल्या टिफ्रॅक (१९६०) संगणकाची फेराइट गाभा-स्मृती २,०४८ शब्दांची होती; तिच्यात पेजिंग नव्हते.

पत्त्याचे रूपांतर हा या पद्धतीतला सोपा भाग. खरी अडचण येते ती इतर प्रोसेसर वाचत असताना तक्ता बदलण्याची, म्हणजेच समवर्तितेची (अनेक कामे एकाच वेळी चालण्याची). एकाच गैरहजर (अजून चौकटीत न आणलेल्या) पृष्ठासाठी दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन धारा, एकदम आले, तर दोघेही नवी चौकट मागतील. म्हणून लॉक (एका वेळी एकालाच बदल करू देणारे कुलूप) हाती आल्यावर तक्त्यातील नोंद पुन्हा तपासावी लागते. शिवाय प्रत्येक प्रोसेसर अलीकडची रूपांतरे स्वतःच्या टीएलबीत (प्रोसेसरमधील छोट्या, वेगवान स्मृतीत) जपतो. गिरगावातल्या चाळीत बिऱ्हाडाने खोली बदलली, तरी पोस्टमनच्या वहीत जुनाच क्रमांक राहावा, तसे हे होते. मग कर्नल इतर प्रोसेसरांना इंटरप्ट (चालू काम थांबवायला लावणारा संकेत) पाठवतो आणि जुनी नोंद सर्वांनी पुसल्याशिवाय चौकट दुसऱ्याला देत नाही. प्रोसेसर वाढले की ही प्रतीक्षा महागात पडते. लिनक्समध्ये एका प्रक्रियेच्या साऱ्या पत्त्यांवर दीर्घकाळ एकच लॉक होते. प्रत्येक पत्ताक्षेत्राला वेगळे लॉक २०२३ मध्ये, ६.४ या आवृत्तीत आले.

अशा समवर्तितेतील चूक किती काळ दडून राहते, हे ‘डर्टी काऊ’ या लिनक्समधील सुरक्षा-त्रुटीवरून दिसते. केवळ वाचण्याची परवानगी असलेल्या फाइलच्या पृष्ठावर लिहायचे झाल्यास कर्नल आधी खासगी प्रत काढतो. प्रत काढणे व तीवर लिहिणे यांमधल्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने ती टाकून दिली, तर लेखन मूळ पृष्ठावर होई. अशा रीतीने साध्या वापरकर्त्याला संपूर्ण यंत्राचा ताबा मिळवता येत असे. ही त्रुटी २००७ पासून लिनक्समध्ये होती, दुरुस्ती ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली. त्या दुरुस्तीतही मोठ्या आकाराच्या पृष्ठांपुरती एक फट राहून गेली होती. ती २०१७ मध्ये उघडकीस आली.