ओल्या वॉलपेपरची सरळ कड

भिंतीला वॉलपेपर चिकटवताना खरी धाकधूक होते ती शेवटच्या कापणीला. छताशी आणि स्कर्टिंगशी मुद्दाम राखलेला पाचेक सेंटीमीटरचा जादा कागद कापायला घ्यावा, पहिली वीतभर रेघ सुरेख उतरावी आणि मग एकाएकी कागद पात्यापुढे गोळा होऊन तिरपा फाटावा, हे अनेकांच्या बाबतीत घडते. हात सरळ चालला नाही म्हणून आपण स्वतःला दोष देतो. पण ती फाटकी कड भिंगातून पाहिली, तर तिच्यातून मिशांसारखे बारीक तंतू बाहेर आलेले दिसतात. म्हणजे तिथे कागद कापला गेलेलाच नसतो, तो उपटला गेलेला असतो.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचा एकमेकांत गुंतलेला थर. हे तंतू एकमेकांना मुख्यतः हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात, आणि पाणी नेमके याच बंधांच्या आड येते. साधा कागद पूर्ण भिजला की त्याची ताकद कोरड्या कागदाच्या दहा टक्क्यांच्याही खाली उतरते. वॉलपेपरच्या कागदात बहुतेक वेळा ओल सोसणारी राळ मिसळलेली असल्यामुळे त्याची अवस्था इतकी वाईट होत नाही. तरीही पेस्ट लावलेला कागद कोरड्यापेक्षा कितीतरी नाजूक असतो. बोथट पाते तंतू छेदण्याआधी त्यांना पुढे ढकलते आणि सैल झालेले तंतू आपली जागा सोडतात. धार जितकी बारीक, तितका हाताचा जोर कमी जागेवर एकवटतो आणि तंतू हलण्यापूर्वीच तुटतो.

म्हणून माझ्या मते या कामातले सर्वांत महत्त्वाचे हत्यार म्हणजे कटरचे कोरे पाते. टोक मोडून नवी धार मिळवण्याची सोय १९५६ मध्ये जपानमध्ये योशिओ ओकादा यांनी शोधली. खाचांवर तुकडे पडणारे चॉकलेट आणि बोथट झाल्यावर नवी धार मिळवण्यासाठी कारागीर मोडत असलेल्या काचेचे तुकडे, या दोन गोष्टींवरून त्यांना ती सुचल्याचे सांगतात. कागदात भरलेली खनिज पूड आणि त्यामागचे प्लास्टर धार लवकर झिजवतात. त्यामुळे दोन-तीन कापांनंतर टोक मोडावे, त्यात काटकसर करू नये. मोडताना पकड वापरावी आणि तुकडे झाकणाच्या डब्यात टाकावेत.

पाते कसे धरता, यावरही बरेच अवलंबून असते. ते उभे धरले तर टोक एकाच जागी रुतते. आडवे कलते धरले, तर धारेचा लांब भाग कागदावरून सरकत जातो आणि कमी जोरात काप होतो. सुरीने टोमॅटो चिरताना आपण नुसते दाबत नाही, सुरी ओढतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

आधाराला रुंद, पातळ पोलादी पट्टी घ्यावी. भिंतीवर राहणाऱ्या कागदावर ती दाबून तिची कड कोपऱ्यात भिडवावी आणि पाते तिच्या बाहेरच्या बाजूने चालवावे. जाड फूटपट्टी इथे फसवते, कारण कलते पाते तिच्या जाडीमुळे कोपऱ्यापासून दूर राहते. पुढे सरकताना पाते कागदातच ठेवून आधी पट्टी सरकवावी; पाते उचलले की पुन्हा टेकवताना जोडाच्या ठिकाणी पायरी उमटते. एवढे करूनही कागद फाटतच असेल, तर कात्रीच्या पाठीने कोपऱ्यात घडी उमटवावी, कागद हलकेच सोलून घडीवरून कात्रीने कापावा आणि परत चिकटवावा. कात्रीची दोन पाती तंतूंना दोन्हीकडून धरून कापत असल्याने ते सरकायला फारशी जागा उरत नाही.

मात्र कापण्याची घाई नको. भिजलेला तंतू लांबीत जवळजवळ वाढत नाही, जाडीत फुगतो. आणि कारखान्यात बहुतेक तंतू गुंडाळीच्या लांबीच्या दिशेने पडलेले असल्यामुळे कागद रुंदीला वाढतो. ५३ सेंटीमीटरची पट्टी एक टक्का जरी वाढली, तरी ५ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून पेस्ट लावल्यावर गुंडाळीवर लिहिलेला वेळ कागद मुरू द्यावा. कृत्रिम तंतू मिसळलेला नॉन-वोव्हन वॉलपेपर जवळजवळ फुगत नाही, त्यामुळे पेस्ट थेट भिंतीला लावून तो लगेच कापता येतो.

प्रत्येक कापानंतर पात्यावरची पेस्ट ओल्या फडक्याने पुसावी. ती वाळून चिकट झाली, तर कोरे पातेही पुढच्या कापाला कागद ओढू लागते.