संदेश सांकेतिक होण्याआधीच तपासला तर?

११ मे २०२२ रोजी युरोपीय महासंघाची कार्यकारी संस्था असलेल्या युरोपीय आयोगाने बालकांच्या लैंगिक शोषणाला आळा घालण्यासाठी एका नियमावलीचा मसुदा मांडला. त्यामागच्या हेतूबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. शोषणाची छायाचित्रे इंटरनेटवर वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि त्या मुलांवर प्रत्येक वेळी नव्याने अन्याय होतो. मात्र असे साहित्य शोधण्यासाठी मेसेजिंग सेवांना वापरकर्त्यांचे खासगी संदेश तपासण्याचा आदेश देता येईल, अशी तरतूद त्या मसुद्यात होती आणि ‘चॅट कंट्रोल’ या टोपणनावाने ओळखला जाणारा वाद तिच्यावरूनच पेटला. या वादात भावनेला जागा आहेच, पण ज्या तंत्रावर सारी भिस्त ठेवली गेली ते प्रत्यक्षात काय करते, हे आधी नीट पाहायला हवे.

सिग्नल किंवा व्हॉट्सअॅपवरचा संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवरच सांकेतिक होतो आणि थेट घेणाऱ्याच्या फोनवर उलगडतो. त्याची किल्ली मधल्या सर्व्हरकडे नसते. यालाच एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात. पूर्वी कधीही संपर्क न आलेली दोन यंत्रे उघड्या वाहिनीवरून बोलूनही एक गुप्त किल्ली कशी ठरवू शकतात, हे डिफी आणि हेलमन या संकेतशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवून दिले होते. आजच्या पद्धती त्याच कल्पनेवर उभ्या आहेत. कोण कोणाला आणि केव्हा संदेश पाठवतो याचा माग कंपनीला काही प्रमाणात लागू शकतो, पण मजकूर तिला वाचता येत नाही, आणि म्हणूनच न्यायालयाने मागितला तरी देताही येत नाही.

मग तपासणी करायची कुठे? उरते एकच जागा: वापरकर्त्याचा स्वतःचा फोन, आणि तीही संदेश सांकेतिक होण्यापूर्वी. या पद्धतीत संकेतप्रणालीला धक्का लागत नाही, असे समर्थक सांगतात. तांत्रिकदृष्ट्या ते खरे आहे. पण पाकीट चिकटवण्याआधीच पत्र वाचले गेले, तर डिंकाच्या मजबुतीला काय अर्थ उरतो?

ज्ञात छायाचित्रे ओळखण्यासाठी ‘परसेप्च्युअल हॅश’ वापरला जातो. छायाचित्र लहान आणि करडे करून, त्यातील उजेड-अंधाराच्या ठेवणीवरून आकड्यांची एक छोटी मालिका काढली जाते आणि ती आधीच सापडलेल्या शोषणाच्या छायाचित्रांच्या यादीतील मालिकांशी ताडून पाहिली जाते. नेहमीच्या हॅशमध्ये एक बिंदू बदलला तरी उत्तर पार बदलते. इथे मात्र चित्र थोडे कापले किंवा त्याचा दर्जा घसरला तरी उत्तर जवळपास तेच यावे लागते, नाहीतर गुन्हेगार किरकोळ बदल करून सहज निसटेल. या सैलपणाची किंमत अशी की दोन अगदी वेगळ्या चित्रांची मालिकाही जुळू शकते. अॅपलने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘न्यूरलहॅश’ या तंत्रावर आधारलेली अशीच योजना जाहीर केली, आणि काही दिवसांतच संगणकतज्ज्ञांनी कुत्र्याच्या एका छायाचित्राशी जुळणारे निरर्थक करडे चित्र तयार करून दाखवले. आपल्या योजनेत पडताळणीचे आणखी टप्पे आहेत, असे अॅपलने सांगितले. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने ती योजना सोडून दिली.

आयोगाच्या मसुद्यात तर आजवर कोणी न पाहिलेली छायाचित्रे आणि मुलांना जाळ्यात ओढणारे संभाषणही शोधायचे होते. तिथे ताडून पाहायला यादीच नसते. यंत्राला अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज चुकतात. समजा, एका दिवसात १०० कोटी चित्रे पाठवली गेली, त्यांपैकी १०,००० खरोखर गुन्ह्याची होती आणि यंत्राने ती सगळी पकडली. निरपराध चित्रांबाबत ते हजारात एकदाच चुकले, तरी सुमारे १० लाख निर्दोष चित्रे संशयाच्या यादीत जातील, म्हणजे यादीतील शंभरांपैकी जेमतेम एक नोंद खरी असेल. तपास अधिकाऱ्यांचे तुटपुंजे मनुष्यबळ या ढिगाऱ्यात अडकले, तर ज्या मुलाला आज मदत हवी आहे त्याच्यापर्यंत पोहोचायला उशीर होईल, ही मला या प्रस्तावातील सर्वांत गंभीर उणीव वाटते. चुकीने अडकणाऱ्यांचे हालही कमी नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोमधील एका वडिलांनी २०२१ मध्ये आजारी लेकराचे छायाचित्र डॉक्टरांसाठी काढले आणि गूगलच्या यंत्रणेने ते संशयास्पद ठरवले. पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवूनही त्यांचे खाते परत मिळाले नाही.

युरोपीय संसदेने नोव्हेंबर २०२३ मध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेले संदेश तपासणीतून वगळण्याची भूमिका घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही रशियाविरुद्धच्या एका खटल्यात, काही जणांचे संदेश उलगडण्यासाठी सर्वांचेच एन्क्रिप्शन कमकुवत करणे लोकशाही समाजात समर्थनीय नाही, असा निर्वाळा दिला. सदस्य देशांच्या परिषदेत मात्र वर्षानुवर्षे एकमत होईना. जर्मनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये विरोध स्पष्ट केल्यावर तेव्हाच्या अध्यक्ष डेन्मार्कने सक्तीच्या तपासणीचा आग्रह सोडला आणि नोव्हेंबरमध्ये परिषदेने स्वेच्छेच्या तपासणीवर आधारलेली भूमिका मान्य केली. या वाटाघाटींत फिरलेल्या मसुद्यांतील एक कलम मुद्दाम वाचण्यासारखे आहे: राष्ट्रीय सुरक्षा, कायदा-सुव्यवस्था आणि लष्करी कामांसाठी सरकारे वापरत असलेली खाती तपासणीच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली होती.