नकाशावरचा चार्जर आणि कंपनीच्या अ‍ॅपमधला चार्जर

विजेवर चालणारी गाडी घेऊन पहिल्यांदाच पुण्याहून कोल्हापूरला निघालेल्या माणसाला फोनवरच्या दोन वेगळ्या अ‍ॅपमध्ये सारखेच चित्र दिसते: महामार्गाचा नकाशा आणि त्यावर चार्जरच्या रंगीत खुणा. त्यामुळे दोन्हींचे काम एकच, असे वाटणे साहजिक आहे. मात्र त्या खुणेमागची माहिती कुठून येते यात मोठा फरक आहे आणि तो बॅटरी १५ टक्क्यांवर आल्यावर कळण्यापेक्षा घरून निघतानाच कळलेला बरा.

प्लगशेअर हे पहिल्या प्रकारचे अ‍ॅप. त्यात अनेक कंपन्यांचे चार्जर एकत्र दिसतात आणि त्यांची माहिती बऱ्याच अंशी गाडीवाल्यांनीच भरलेली असते. टाटा पॉवरचे ईझी चार्ज हे दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे चार्जर चालवणाऱ्या कंपनीचे अ‍ॅप. इथे चार्जर इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला आपली स्थिती स्वतः कळवत असतो, आणि चार्जिंग सुरू करणे व पैसे भरणे हेही याच अ‍ॅपमधून होते. पहिल्या अ‍ॅपवर विसंबून चार्जरपर्यंत पोहोचता येते, पण तेवढ्याने वीज मिळेलच असे नाही.

मग कंपनीचे अ‍ॅपच पुरेसे का नाही? साताऱ्याच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारातला चार्जर मला अ‍ॅपमध्ये मोकळा दिसत होता आणि तो खरोखरच मोकळा होता. फक्त त्याच्यासमोर एक डिझेल गाडी लावलेली होती आणि तिचा मालक आत जेवत होता. चार्जरला आपली गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, कुणाच्या गाडीला जोडली आहे की नाही एवढेच कळते. समोरची जागा अडली आहे, रात्री फाटक बंद होते किंवा केबल मागच्या बाजूच्या सॉकेटपर्यंत पुरत नाही, हे त्याला कळवता येत नाही. ते आधी येऊन गेलेला माणूस लिहून ठेवतो, आणि म्हणून प्लगशेअरवरच्या नोंदी मला फार मोलाच्या वाटतात. मात्र नोंदीची तारीख आवर्जून पाहावी, कारण सहा महिन्यांपूर्वीच्या ‘उत्तम चालतो’ या शेऱ्यावरून आजचा भरवसा धरता येत नाही.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेले ईव्ही यात्रा हे अ‍ॅप या दोन्हींहून थोडे वेगळे आहे; त्यात चार्जर चालवणारे आपल्या केंद्रांची नोंद करतात.

दोन्ही प्रकारच्या अ‍ॅपमध्ये खुणेवर बोट ठेवून सीसीएस२ गन (जलद डीसी चार्जिंगसाठीची) आहे का आणि क्षमता किती किलोवॅट आहे हे पाहावे, कारण ३० किलोवॅट-तासांच्या बॅटरीला ७.२ किलोवॅटच्या संथ एसी चार्जरवर चार तासांहून अधिक वेळ लागतो. थांबा निवडताना मी आधी ताज्या नोंदी वाचतो, निघताना कंपनीच्या अ‍ॅपमध्ये स्थिती पाहतो, आणि त्या अ‍ॅपचे खाते उघडून वॉलेटमध्ये पैसे भरण्याचे काम घरीच उरकतो, म्हणजे घाटात मोबाइलला रेंज नसताना ओटीपीची वाट पाहत बसावे लागत नाही.