किळस आवाजाची की अर्थाची? नकोशा शब्दांच्या वादाची पार्श्वभूमी

पुस्तकात एखादा साधा, सभ्य शब्द आला की काही वाचकांना कसंसंच होतं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: त्याचा आवाजच तसा आहे. या उत्तरावर कितपत विसंबायचं, हा वाद जुना आहे.

अकराव्या शतकातल्या एका संस्कृत काव्यशास्त्रीय ग्रंथात 'श्रुतिकटु' (कानाला कठोर) आणि 'अश्लील' हे दोन वेगळे पददोष, म्हणजे शब्दाचे दोष, आहेत. अश्लीलाचे पुन्हा तीन प्रकार: लाज आणणारं, किळस आणणारं, अमंगल सुचवणारं. किळसेचं उदाहरण 'वायु'. शब्द निर्दोष, पण मन भलत्याच वायूकडे जातं.

पुढे ही फोड मागे पडली. 1946 साली अमेरिकेत भाषणकला शिकवणाऱ्यांच्या एका संघटनेने सर्वांत कर्णकटू दहा शब्द निवडले. त्यात 'क्रंच' (कुरकुर असा आवाज) या शब्दाच्या जोडीला 'ट्रेचरी', म्हणजे विश्वासघात. इथे कान दुखावला की मन?

खरा गुंता संज्ञेचा. इंग्रजीत 2007च्या सुमारास 'वर्ड ॲव्हर्जन', म्हणजे शब्दाची किळस, ही संज्ञा चर्चेत आली. मराठीत तिला 'शब्दाची चीड' म्हटलं, तर ते चूक आहे. 'स्मितहास्य' डोक्यात जातं त्याला कारण देता येतं: स्मित म्हणजेच हास्य. 'हास्य' खोडा, चीड संपली. किळसेत खोडण्यासारखी चूकच नसते. दोन्ही एका यादीत घातले की यादी कुचकामी होते, आणि बहुतेक याद्या तशाच असतात.

2016च्या एका अमेरिकी अभ्यासाने 'मॉइस्ट', म्हणजे ओलसर, हा शब्द तपासला. तो न सोसणारे आवाजाला दोष देत होते, पण त्याच यमकाचे 'हॉइस्ट', 'फॉइस्ट' त्यांना खुपले नाहीत. खुपले ते कफ, उलटी असे देहाशी जोडलेले शब्द. केकच्या संदर्भात 'मॉइस्ट' कमी खटकला. त्याचं मराठी 'ओलसर' तर इथल्या वाचकाला जाणवतही नाही.

मराठीत मात्र अशी चाचणी अवघड. 'बुळबुळीत', 'लिबलिबीत', 'गिळगिळीत' यांत नादच अर्थ सांगतो. दोन्ही सुटे करायचे कसे? एक वाट आहे: साचा तोच ठेवून पहिलं अक्षर बदलायचं. 'बुळबुळीत', 'सुळसुळीत', 'झुळझुळीत'. शेवटचा रेशमाला शोभतो, त्याने कुणी नाक मुरडत नाही. म्हणजे 'ळ'वर आळ घेण्यात अर्थ नाही. 'ब'बद्दल कुणी अडून बसलं, तर 'बाळ' हा शब्द बिनतक्रार खपतोच.

संपादनात तक्रारीला भिऊन 'बुळबुळीत'च्या जागी 'निसरडा' घातला जातो. तिथे वाक्य फसतं. निसरड्यावर पाय घसरतो. बुळबुळीत हाताला लागतं.