डीएओची कॅप्सूल: जुन्या विकराचा दुसरा डाव

हिस्टामिन इनटॉलरन्सवर, म्हणजे खाण्यातलं हिस्टामिन न सोसण्याच्या त्रासावर, घेतल्या जाणाऱ्या डीएओच्या कॅप्सूल नव्या वाटतात. हिस्टामिन म्हणजे ॲलर्जीत त्रास देणारा पदार्थ, आणि डीएओ हे तो मोडणारं विकर (एन्झाइम). पण ही कल्पना सुमारे नव्वद वर्षं जुनी आहे, आणि एकदा फसलेलीही.

विंडाउस आणि फोग्ट यांनी १९०७ मध्ये हिस्टामिन प्रयोगशाळेत बनवलं. १९१० पासून हेन्री डेल आणि लेडलॉ यांनी त्याचे परिणाम तपासले. मग प्रश्न उरला, एवढा जहाल पदार्थ शरीर निकामी कसा करतं? इन्सुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट यांना १९२९ मध्ये फुप्फुसाच्या ऊतींत हिस्टामिन नाहीसं होताना दिसलं. त्यामागच्या विकराला त्यांनी आणि मॅकहेन्री यांनी ‘हिस्टामिनेज’ म्हटलं. हे विकर आणि डायअमीन ऑक्सिडेज, म्हणजेच डीएओ, एकच असल्याचं १९३८ मध्ये झेलर यांनी मांडलं.

तोवर ते ॲलर्जीवर देऊनही पाहिलं जात होतं. गुण फारसा आला नाही, आणि येणार तरी कसा? विकर हे प्रथिन. गिळलं की पचून जातं, रक्तात पोचत नाही. अंगावर पित्त उठतं तेव्हाचं हिस्टामिन मात्र शरीरातल्याच मास्ट पेशींनी सोडलेलं असतं. १९३७ मध्ये बोव्हे आणि स्टाऊब यांनी अँटिहिस्टामिनची, म्हणजे हिस्टामिनचा परिणाम रोखणाऱ्या औषधांची, वाट उघडली आणि हिस्टामिनेज मागे पडलं.

१९९० नंतर व्हिएन्नात यारिश आणि सहकाऱ्यांनी लक्ष वळवलं ते खाण्यातल्या हिस्टामिनकडे: वाइन, मुरलेलं चीज, टिकवलेलं मांस. इथे विकराला रक्तात जायची गरजच नव्हती. जेवणाआधी घेतलेलं आतड्यात काम करून गेलं की झालं. जठरातल्या आम्लातून ते वाचावं म्हणून त्यावर आतड्यातच विरघळणारं आवरण आलं. स्रोत मात्र डुकराचं मूत्रपिंडच राहिला. युरोपीय संघात मूत्रपिंडाचा हा अर्क नवखाद्य (नॉव्हेल फूड, म्हणजे पूर्वी तिथे फारसा खाल्ला न जाणारा पदार्थ) म्हणून आला: दिवसाला ३ कॅप्सूल, त्यांत १२.६ मिलिग्रॅम अर्क आणि डीएओ अवघं ०.९ मिलिग्रॅम. नवखाद्याच्या मंजुरीत पाहिली जाते ती सुरक्षितता. गुण येतो की नाही, हा तिचा विषय नव्हे.

गुणाचे पुरावे तुटपुंजे आहेत. २०१९ मध्ये स्पेनमधल्या मायग्रेनच्या १०० रुग्णांत डीएओ घेणाऱ्यांचे झटके थोडे लवकर आटोपले. त्याआधी २०११ च्या ऑस्ट्रियातल्या चाचणीत ३९ जणांना हिस्टामिन घातलेला चहा पाजला होता. कॅप्सूलने त्रास कमी झाला खरा, पण एकाच माणसाला पुन्हा तोच चहा दिला की लक्षणं वेगळीच निघत.