स्पोर्ट्स बाइक की ॲडव्हेंचर टूरर: एकाच इंजिनाच्या दोन गाड्या

स्पोर्ट्स मोटरसायकल आणि लांबच्या व खराब रस्त्यांसाठी केलेली उंच, आरामशीर ॲडव्हेंचर टूरर यांच्यात निवड करायची वेळ आली की बहुतेक जण आधी अश्वशक्तीचे आकडे शेजारीशेजारी ठेवतात. केवळ त्या आकड्यांवरून निर्णय घेणे मला योग्य वाटत नाही, कारण चालवणारा कोणत्या वेगाने, कशा रस्त्यावर आणि सलग किती वेळ जाणार आहे याविषयी गाडी आखताना जे गृहीत धरलेले असते, ते त्यांत दिसत नाही. ते दिसावे म्हणून एकच इंजिन वापरणाऱ्या दोन गाड्यांचे उदाहरण घेणे उत्तम, आणि इटलीच्या एप्रिलिया कंपनीने तशी जोडी बनवलेली आहे.

या कंपनीची २०२० मध्ये आलेली आरएस ६६० ही स्पोर्ट्स बाइक आणि तिच्यानंतर आलेली टुआरेग ६६० ही ॲडव्हेंचर बाइक या दोघींत मुळात तेच ६५९ सीसीचे, दोन सिलिंडरांचे इंजिन आहे. आरएसच्या त्या पहिल्या आवृत्तीत ते मिनिटाला १०,५०० फेऱ्यांवर १०० अश्वशक्ती देत होते, तर टुआरेगमध्ये ९,२५० फेऱ्यांवर ८०. एवढेच वाचले तर टुआरेग ही कमकुवत केलेली गाडी वाटेल. टॉर्ककडे, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराकडे, पाहिले की चित्र बदलते: त्याच आरएसचा कमाल टॉर्क ६७ न्यूटन मीटर असून तो ८,५०० फेऱ्यांवर मिळत होता, आणि टुआरेगचा ७० न्यूटन मीटर असून तो ६,५०० फेऱ्यांवरच हाती येतो. टॉर्क आणि फेऱ्या यांच्या गुणाकारातून शक्ती ठरते, त्यामुळे जी गाडी वरच्या फेऱ्यांपर्यंत जोर टिकवून धरते तिची अश्वशक्ती कागदावर मोठी दिसते; पण सामान लादलेल्या गाडीने चढावर ट्रक ओलांडायचा असतो तेव्हा इंजिन सहसा मधल्याच फेऱ्यांत फिरत असते, आणि तिथला जोर वाढवण्यासाठीच टुआरेगने वरची वीस अश्वशक्ती सोडून दिलेली आहे. मोठ्या गाड्यांतही हेच आढळते. यामाहाच्या हजार सीसीच्या आर१ ला तिची सुमारे २०० अश्वशक्ती गाठण्यासाठी १३,५०० फेऱ्यांपर्यंत जावे लागते. बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस ७,७५० फेऱ्यांवर १३६ अश्वशक्तीवरच थांबते, मात्र तिचा १४३ न्यूटन मीटर टॉर्क ६,२५० फेऱ्यांवर मिळतो.

बैठकीतला फरक आकड्यांत मावत नाही, आणि माझ्या मते निर्णयाचा निम्मा भार त्याच्यावरच असायला हवा. स्पोर्ट्स बाइकची क्लिप-ऑन, म्हणजे दोन सुट्या तुकड्यांची, हँडले फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या) नळ्यांवर बसवलेली असतात, त्यामुळे ती खाली येतात. फूटपेग, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्या, मागे आणि उंच असतात. त्यामुळे गुडघे बरेच दुमडतात आणि धड पुढे झुकते. या बैठकीला सरसकट गैरसोयीची म्हणणे अन्यायाचे आहे. अंगाचा भार पुढच्या चाकावर आल्याने त्या टायरची पकड हाताला स्पष्ट कळते, वाकून बसल्याने हवेचा विरोध घटतो, आणि उंच पेगांमुळे गाडी वळणात खूप कलली तरी पेग रस्त्याला घासत नाही. शिवाय वेग वाढला की समोरून येणारी हवा छातीला आधार देते आणि मनगटांवरचा भार हलका होतो. हवेचा हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ५० किलोमीटरला जो आधार मिळतो त्याच्या चौपट १०० ला मिळतो. म्हणूनच मोकळ्या रस्त्यावर सुसह्य वाटणारी बैठक सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या रहदारीत असह्य होते: वारा नसतो, धडाचा भार तळहातांवर येतो, आणि त्याच तळहातांना क्लच व ब्रेक सतत दाबायचे असतात. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरून कमरेच्या आणि पोटाच्या स्नायूंवर धड तोलले तर हा भार बराच कमी होतो, आणि स्पोर्ट्स बाइक घेणाऱ्या प्रत्येकाने ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. तरीही तासन्‌तास संथ रहदारीत अडकणाऱ्याला ती पुरी पडेल असे नाही. यातही प्रतवारी आहे. आरएस ६६० ची हँडले फोर्कच्या वरच्या पट्टीच्या वर बसवलेली असल्याने ती आर१ पेक्षा बरीच सौम्य आहे.

ॲडव्हेंचर टूररचे हँडल रुंद आणि उंच असते, पाठ सरळ राहते आणि गुडघे मोकळे असतात. मात्र पाठ सरळ असली की शरीराचा जवळजवळ सगळा भार बैठकीच्या हाडांवर आणि मणक्यावर उभा पडतो, त्यामुळे चांगली सीट ही इथे चैनीची बाब उरत नाही. विंडस्क्रीनचेही तसेच आहे: तिच्या वरच्या कडेवरून उसळणारी हवा नेमकी हेल्मेटवर आदळली तर डोके सतत हलते, आवाजाने थकवा येतो, आणि काच काही सेंटिमीटर वर किंवा खाली सरकवल्यावर त्याच गाडीवरचा प्रवास बदलून जातो. म्हणून ज्या गाडीची काच कमीजास्त करता येते तिला मी झुकते माप देईन.

सस्पेन्शनच्या बाबतीत दोघींचे हेतू सरळसरळ विरुद्ध आहेत. आरएसची पुढची चाल, म्हणजे पुढचे चाक जेवढे वर-खाली सरकू शकते ते अंतर, १२० मिलिमीटरची आहे आणि टुआरेगची २४० ची, म्हणजे बरोबर दुप्पट. कमी चाल आणि कडक स्प्रिंग यांमुळे जोरात ब्रेक लावला तरी स्पोर्ट्स बाइकचे नाक फारसे खाली जात नाही, आणि वळणात शिरताना गाडी नेमकी हव्या त्या रेषेवर ठेवता येते. गुळगुळीत डांबरावर हा नेमकेपणा इतका निर्मळ असतो की तो ज्याला मनापासून आवडतो त्याला ॲडव्हेंचर बाइक कधीच पूर्ण समाधान देणार नाही. परंतु रस्ता उखडलेला असला की हाच कडकपणा प्रत्येक खड्डा मनगटांत आणि पाठीत पोचवतो. लांब चालीची गाडी तो धक्का पोटात घेते आणि चाक रस्त्याला टेकलेले राहते, त्यामुळे खराब डांबरावर ती आरामशीर असते तशीच बहुधा वेगवानही ठरते. टुआरेगचे पुढचे चाक २१ इंची आणि व्हीलबेस (दोन चाकांच्या आसांमधले अंतर) १,५२५ मिलिमीटरचा आहे. आरएसचे चाक १७ इंची आणि व्हीलबेस १,३७० चा. मोठे, अरुंद चाक खड्ड्याच्या कडेवरून सहज चढते आणि लांब गाडी सरळ रेषेत स्थिर राहते, मात्र एका वळणातून दुसऱ्या वळणात झटकन पालटण्याची चपळाई त्यात थोडी कमी होते.

‘ॲडव्हेंचर’ म्हटले की कच्चा रस्ता आठवतो, आणि कच्च्या रस्त्यावर जायचेच नसेल तर ही गाडी कशाला, असा प्रश्न येतो. या प्रकाराची सुरुवात तिकडूनच झाली हे खरे आहे: बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आर ८० जी/एस बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी युबेर ओरिओल याने जी/एसवर वाळवंटातून जाणारी पॅरिस–डाकार शर्यत जिंकली. परंतु तिच्याच वंशातली अलीकडची आर १२५० जीएस इंधनासह २४९ किलो भरते. एवढे वजन वाळूत किंवा चिखलात सावरायला कौशल्य आणि बळ दोन्ही लागतात, आणि ती आडवी झाली तर एकट्याने उचलणे सोपे नसते. माझ्या समजुतीप्रमाणे अशा गाडीचा खरा उपयोग तुटक्या डांबरावर, लांबच्या पल्ल्यावर, सामान आणि सोबती घेऊन जाण्यात आहे. मागे बसणाऱ्याच्या बाबतीत तर तुलनाच नको: स्पोर्ट्स बाइकची मागची सीट अरुंद आणि उंच असते, पाय फार दुमडावे लागतात, आणि पेट्या लावायला बहुधा जागाच नसते.

ॲडव्हेंचर टूररच्या अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. टुआरेगची सीट ८६० मिलिमीटर उंच आहे आणि आरएसची ८२०. वजन इंधनासह २०४ किलो विरुद्ध १८३. टाकी १५ ऐवजी १८ लिटरची असल्याने पल्ला वाढतो, पण ते इंधन उंचावर असते आणि थांबलेली गाडी कलली की तो भार एका पायावर येतो. उंच बांधणी आणि बाजूच्या पेट्या यांमुळे आडवा वाराही जास्त जाणवतो. पेट्यांची रुंदी हँडलापेक्षा अधिक असल्यास दाट रहदारीत वाट काढण्याचा सुखद फायदाही जातो.

गोंधळात भर घालणारा तिसरा प्रकार आहे, दिसायला ॲडव्हेंचर पण पूर्णपणे डांबरासाठी केलेला. बीएमडब्ल्यूची एस १००० एक्सआर उंच आहे, रुंद हँडलाची आहे, पण तिची दोन्ही चाके १७ इंची आणि चार सिलिंडरांचे इंजिन ११,००० फेऱ्यांवर १७० अश्वशक्ती देणारे. ओळखण्याची खूण पुढचे चाक: २१ इंची असेल तर कच्चा रस्ता मनापासून विचारात घेतलेला आहे, १९ इंची असेल तर दोन्हीची तडजोड आहे, आणि १७ इंची असेल तर गाडी डांबराची. ज्याला स्पोर्ट्स बाइकची वळणे हवीत पण मनगटांचा त्रास नको, त्याने ही तिसरी वाट जरूर पाहावी.

रोज रहदारीतून जाणाऱ्याला, किंवा एकच गाडी ठेवून तिच्यावर सहप्रवाशासह दूर जाणाऱ्याला मी ॲडव्हेंचर टूररच सुचवीन. ज्याच्याजवळ चांगल्या डांबराचे वळणदार रस्ते आहेत किंवा जो ट्रॅकवर जाणार आहे, आणि जो बहुधा एकटा, थोड्या तासांसाठी निघतो, त्याने स्पोर्ट्स बाइक घ्यावी आणि तिच्या बैठकीबद्दल तक्रार न करता ती शिकून घ्यावी. चाचणी मात्र प्रत्येकीची तिच्या कमकुवत बाजूने घ्यावी. स्पोर्ट्स बाइक निदान अर्धा तास संथ रहदारीत चालवून अंगठा आणि करंगळीला मुंग्या येतात का ते पाहावे. ॲडव्हेंचर टूरर टाकी पूर्ण भरून उतारावर थांबवावी, तिथून मागे ढकलून पाहावी, मग अरुंद जागेत पूर्ण वळवावी. या तिन्ही गोष्टी धास्ती न बाळगता जमल्या नाहीत, तर दुकानातून निघण्याआधी त्याच गाडीची कमी उंचीची सीट लावून पुन्हा करून पाहाव्यात.